परसबागेत लाकडाच्या ढलप्यांवर धिंगरी अळिंबी कशी घ्यावी

मराठवाड्यात परसबागेत अळिंबी घ्यायची म्हटले की कोरडी हवा आणि वाळवी या दोन गोष्टी आड येतात. थंड, दमट प्रदेशांत झाडाखाली जमिनीवरच ढलप्या पसरून वाफा करतात. पहिल्या वर्षी आमच्या आंब्याखाली मीही तसाच वाफा केला होता, परंतु महिनाभराने गोणपाट उचलून पाहिले तेव्हा वाळवीची वारुळमाती आणि पोखरलेले लाकूड एवढेच हाती लागले. त्यामुळे पुढील पद्धत विटांवर ठेवलेल्या प्लास्टिक क्रेटची आहे.

लाकूड कुजवून त्यावरच जगणारी आणि २० ते ३० अंश सेल्सिअस तापमानात वाढणारी धिंगरी नवशिक्यांसाठी सर्वांत सोपी. आपल्याकडे तिची लागवड पावसाळा स्थिरावल्यावर सुरू करून फेब्रुवारीपर्यंत आटोपावी. उन्हाळ्यात तो नाद सोडलेला बरा.

ढलप्या आंबा, उंबर, सुबाभूळ किंवा शेवरीच्या, बोटाच्या पेराएवढ्या असाव्यात. कडुनिंब आणि साग टाळावेत, कारण ज्या घटकांमुळे त्यांच्या लाकडाला कीड लागत नाही, तेच बुरशीची वाढही रोखतात. प्लायवूड, रंग किंवा पॉलिश लागलेले तुकडे तर मुळीच घेऊ नयेत. कापसाच्या गावांत बांधावर जाळल्या जाणाऱ्या पऱ्हाट्या बारीक तोडून वापरल्या तरी चालतात, मात्र फार फवारणी झालेल्या शेतातील नकोत. निव्वळ लाकडावर वाढ संथ होते, म्हणून दोन भाग ढलप्यांत एक भाग सोयाबीनचे किंवा गव्हाचे कोरडे, बुरशी न लागलेले भुसकट मिसळावे.

हे मिश्रण २४ तास पाण्यात भिजवून नंतर सुमारे ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवावे, म्हणजे त्यातील इतर बुरश्या व किडी बऱ्याच अंशी मरतात. मग ते स्वच्छ धुतलेल्या बाजेवर निथळू द्यावे. मूठभर माल घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखाददुसराच थेंब यावा; धार लागली तर आणखी थांबावे.

माल पूर्ण थंड झाल्यावर साबणाने हात धुऊन, दहा किलो कोरड्या मालास एक किलो या प्रमाणात, ज्वारी किंवा गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेले ताजे स्पॉन, म्हणजे अळिंबीचे बियाणे, थराथराने पेरावे. ते कुठे मिळेल याची चौकशी कृषी विज्ञान केंद्रात करावी. क्रेटला आतून भोके पाडलेला प्लास्टिक कागद लावावा आणि वरून ओले गोणपाट झाकावे. क्रेटखालच्या विटा पाणी भरलेल्या थाळ्यांत ठेवल्यास वाळवी आणि मुंग्या दोन्ही दूर राहतात. जागा म्हणाल तर न्हाणीमागची किंवा रांजणाजवळची ओलसर सावली उत्तम.

तीन ते पाच आठवड्यांत ढलप्या पांढऱ्या तंतूंनी बांधल्या जातात. हिरवा डाग दिसल्यास तेवढा भाग काढून लांब टाकावा. यानंतर प्लास्टिक काढून खेळती हवा आणि मंद उजेड द्यावा व भोवतालच्या गोणपाटांवर दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडावे, परंतु टाचणीच्या डोक्याएवढ्या कोंबांवर थेट फवारा मारू नये. कोंब दिसल्यापासून चार-पाच दिवसांत छत्री भरते. तिच्या कडा वर वळण्याआधीच संपूर्ण घड हलक्या हाताने पिळून काढावा. उशीर झाला तर बीजाणूंची धूळ उडते आणि घरातील दमेकऱ्यांना तिचा त्रास होतो.

ढलप्यांवर कधी कुत्र्याच्या छत्र्याही उगवतात. धिंगरीची छत्री शिंपल्यासारखी असून तिच्या खालच्या पापुद्र्यांच्या रेघा बाजूला असलेल्या आखूड देठावर उतरत जातात. तरीही ओळखीविषयी तिळमात्र शंका असल्यास तो घड फेकून द्यावा, आणि खात्रीची अळिंबीसुद्धा कच्ची न खाता नीट शिजवूनच खावी. आठ-दहा दिवसांनी पुन्हा पीक येते. असे दोन-तीन बहर झाले की मऊ पडलेल्या ढलप्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकाव्यात आणि क्रेट धुऊन कडक उन्हात वाळवावा.