ट्यूबचा हेडफोन ॲम्प्लिफायर: डाख मारण्याआधीची तयारी

आधी हेडफोन किती ओहमचा आहे ते बघा, सर्किट त्यावरून ठरतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेलं सर्किट बांधायला सोपं, पण आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर धरला तर ३०० ओहमच्या हेडफोनला कट-ऑफ (ज्याच्या खालचे सूर दबत जातात ती फ्रिक्वेन्सी) ५ हर्ट्झच्या आसपास येतो आणि ३२ ओहमच्याला थेट ५० हर्ट्झ. म्हणजे बासची बोंब. तुमच्याकडे ३२ ओहमचाच असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं सर्किट शोधा.

मग हीटरची, म्हणजे ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेच्या करंटची बेरीज. ६.३ व्होल्टवर एक ६एसएन७ ट्यूब ०.६ अँपिअर घेते, ६०८० एकटीच २.५. दोन्ही वापरणार असाल तर ३.१ झाले, ट्रान्सफॉर्मरची हीटर वायंडिंग ४ अँपिअरची घ्या. हीटरच्या वायरी घट्ट पिळ देऊन चॅसीच्या (ॲम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याच्या) कोपऱ्यातून न्यायच्या आहेत, त्यामुळे वायर थोडी जास्तच आणा.

आता पॉवर सप्लाय, माझ्या मते निम्मं काम हेच. ट्रान्सफॉर्मरचे २०० व्होल्ट एसी रेक्टिफाय केल्यावर लोड (करंट ओढणारं काही) नसताना साधारण २८० व्होल्ट डीसी होतात, आणि ट्यूब तापेपर्यंत लोड नसतोच. म्हणून फिल्टर कपॅसिटर ४०० किंवा ४५० व्होल्टचे. त्यांच्यावर ब्लीडर, म्हणजे सप्लाय बंद केल्यावर त्यांना रिकामं करणारा रेझिस्टर, हवाच: १०० किलोओहम, ३ वॉट. १०० मायक्रोफॅरडला तो मिनिटभरात रिकामा करतो. एकदा मी ब्लीडर 'नंतर लावू' म्हणून ठेवला आणि बंद केलेल्या सप्लायला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. फट्‌ झालं, टोकाला खळगा पडला. तो स्क्रू-ड्रायव्हर टाकून न देता मुद्दाम ठेवलाय.

फ्यूज, तीन पिनांची कॉर्ड, अर्थिंगसाठी चॅसीला रंग खरवडून बसवायचा बोल्ट हे आधीच बाजूला काढा. घाईत राहतं ते नेमकं हेच. मीटर ६०० व्होल्ट डीसी मोजणारा आणि प्रोब तडा न गेलेले. पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या सिरीजला लावायला ६० वॉटचा जुना फिलामेंटवाला बल्ब लागेल, एलईडी चालत नाही. बल्ब लखलखीत पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा.

सॉकेट, रेझिस्टर, व्हॉल्यूम पॉट ही किरकोळ मंडळी. ट्यूबच्या ग्रिडपाशी (सिग्नल जिथे आत जातो त्या पिनपाशी) लावायचे १ किलोओहमचे रेझिस्टर तेवढे विसरू नका.

शेवटी एक जुनापुराणा, फेकायच्या लायकीचा हेडफोन. जॅकवर डीसी मोजून काही मिलिव्होल्टच्या आत आला की पहिला तोच लावायचा, आणि लावताना कानावर घालायचा नाही.