जुने बूट देताय? आधी सोल वाकवून बघा

दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी आम्ही बीडमध्ये त्या मजुरांसाठी जुने बूट-चपला गोळा करतो. पोती भरून येतात, त्यातली निम्मी मी उघडल्या उघडल्या बाजूला टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वरून बघून बूट देणं. मीही ती केली आहे. एका घरून कोरा जोड आला, सात वर्षं माळ्यावर खोक्यात होता. डाग नाही, टाका उसवलेला नाही. धारूरकडच्या एका बाईला दिला. आठवड्यात फडावरून तिच्या नवऱ्याचा फोन: "भाऊ, बुटाचा तळ भाकरीवानी चुरला की!" तोडलेल्या उसाचं बुडखं अणकुचीदार असतं, ते तिच्या टाचेत गेलं होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन, दोन खाडे, आणि उचल, म्हणजे कामाआधीच आगाऊ पैसे, घेतलेली असली की खाडा अंगावरच पडतो. पीयूचा (पॉलियुरेथेन, फोमसारखं प्लास्टिक) सोल हवेतल्या दमटपणानं आतून कुजतो, बूट घातला नाही तरी. तेव्हापासून प्रत्येक बूट मी दोन्ही हातांनी दुमडतो आणि सोलवर नख रुतवतो. भुगा पडला की बाद. देणाऱ्याला राग आला तर येऊ द्या.

दुसरी चूक नंबराची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तरी पोत्यात येतात नऊ-दहा नंबरचे पुरुषी बूट. बायांना चार-पाच-सहा लागतात. "कापूस कोंबा, बसतील" म्हणणाऱ्यानं तसे बूट घालून डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढून दाखवावं. मी आधी तांड्यावर जातो, वहीच्या कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं रेघ मारून आणतो. नव्या पोरांना हे वेळखाऊ वाटतं. त्यांना वाटपाचा फोटो हवा असतो.

उघडलेला सोल झटपट गोंदानं चिकटवू नका. तो गोंद कडक होतो आणि चालताना तडकतो. चांभाराकडून सोल्यूशन लावून कडेनं शिवून घ्या.

धुतलेले बूट ओले बांधू नका, बुरशी येते.

उंच टाचांच्या चपला नकोत. कुणी देतं? देतात.

आणि जोडाच्या नाड्या एकमेकींना बांधा. गेल्या वर्षीचे अकरा डावे बूट अजून माझ्या ओसरीत पडलेत.