पिंगळा (छोटं घुबड) शोधायचा तर आधी खोड बघा

रुद्रभूमीत (स्मशानभूमीत) किंवा कब्रस्तानात झाडं जुनी आणि वर्दळ कमी, त्यामुळे पक्षी भरपूर. पण ऐकू येतात, दिसत नाहीत. मान वर करून दुखवून घेण्यापेक्षा हे करा.

१. राखणदाराला सांगून सकाळी ७ च्या आत पोहोचा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो. ९ नंतर चिमणीसुद्धा सावली सोडत नाही.

२. आधी खाली बघा. चिंचेच्या किंवा कडुनिंबाच्या खोडावर ढोलीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले, की वर पिंगळा असण्याची शक्यता मोठी, बहुधा जोडीने. आपण शोधत असतो तेव्हा तो केव्हाचा आपल्याकडे टक लावून बघत असतो!

३. वड-पिंपळाला फळं लागली की तिथेच थांबा, तांबट येतोच. पावसाच्या तोंडावर चातक. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, कबरीच्या दगडावर शेपटी थरथरवणारा थिरथिरा, आणि संध्याकाळी भोरड्यांचे थवे.

अंत्ययात्रा आत येताना दिसली, की दुर्बीण पिशवीत टाका आणि बाजूला व्हा. फोटो तर नाहीच नाही.