पेप्टाइडचं द्रावण गढूळ होतंय? माझा अनुभव

पेशींवरच्या प्रयोगासाठी 1 मिलिग्रॅम सुकं पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण) टाकलं की दुधाळ व्हायचं, तळाशी तंतू तरंगायचे. जोरात हलवलं, तर फेस. कोमट केलं, जास्त बफर घातलं, काही नाही. दोन बाटल्या वाया गेल्या, चिडचिड झाली ती वेगळीच.

मग अमिनो आम्लं मोजली. धन भाराची लायसिन-आर्जिनिन मिळून 5, ऋण भाराचं ग्लुटामिक 1. म्हणजे निव्वळ भार +4. अशा पेप्टाइडला आधी आम्ल हवं, बफरमधले क्षार नंतर.

उणे 20 अंशांवरची बाटली बंदच ठेवून अर्धा तास बाहेर ठेवली (थंड असताना उघडली की पावडर हवेतला ओलावा ओढते). सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवून पावडर तळाला आणली. 10% ॲसिटिक आम्ल, 100 मायक्रोलिटर, काचेच्या कडेने सोडलं. हलवलं नाही, नुसतं गोल फिरवलं. 10 मिनिटांत काचेसारखं स्वच्छ. मग निर्जंतुक पाणी 900 मायक्रोलिटर, थेंबाथेंबाने.

लगेच 50-50 मायक्रोलिटरचे भाग करून गोठवले. एक भाग एकदाच वितळवायचा, उरलेला फेकायचा. बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीझर मात्र नको, त्याचं तापमान सारखं वरखाली होतं. पेशी वाढवायच्या माध्यमात 1:1000 वापरतो. सोबत नुसत्या आम्लाचा कंट्रोल (पेप्टाइड नसलेला, तुलनेसाठीचा नमुना) लावतोच.