या चुका टाळा: लिम्फोमातील एपस्टीन-बार विषाणूचे जनुकीय भेद वाचताना

हर्पिस कुळातील एपस्टीन-बार विषाणू, म्हणजेच ईबीव्ही, १९६४ साली युगांडातील बर्किट लिम्फोमाच्या (लिम्फोमा म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग) पेशींत प्रथम दिसला. आज जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो सुप्तावस्थेत असतो. त्यामुळे लिम्फोमाच्या गाठीतील विषाणूचा जनुकीय क्रम लावल्यावर जे वेगळेपण आढळते, ते गाठीचे आहे, रुग्णाच्या प्रदेशाचे आहे की आपल्याच पद्धतीचे आहे, हे ठरवणे अवघड होऊन बसते.

पहिली चूक संदर्भ क्रम, म्हणजे ज्याच्याशी नमुन्याचा क्रम ताडून पाहायचा तो क्रम, निवडतानाच होते. १९८४ मध्ये ज्याचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध झाला तो बी९५-८ हा वाण मुळात लिम्फोमातील नव्हे, तर संसर्गजन्य मोनोन्यूक्लिओसिस झालेल्या रुग्णाकडून आलेला आहे, आणि सुमारे १,७२,००० बेस-जोड्यांच्या त्याच्या जीनोममधून जवळजवळ १२,००० जोड्यांचा तुकडा गळालेला आहे. केवळ तोच संदर्भ वापरल्यास त्या भागातील रीड्स (यंत्राने वाचलेले क्रमाचे छोटे तुकडे) जुळायला जागाच उरत नाही. म्हणून राजी या बर्किट लिम्फोमाच्या पेशीरेषेतील क्रमाने ही पोकळी भरून तयार केलेला संदर्भ वापरावा. ईबीएनए-२ आणि ईबीएनए-३ या विषाणूच्या जनुकांच्याच जागी रीड्स विरळ दिसत असतील, तर जनुक गळाले असा निष्कर्ष काढण्याआधी नमुना ईबीव्हीच्या दोन प्रकारांपैकी टाइप २ चा आहे का, ते पाहावे. हे दोन टाइप मुख्यतः याच जनुकांत भिन्न असतात, आणि टाइप १ वरून बेतलेले प्रोब (नमुन्यातून विषाणूचा डीएनए पकडणारे कृत्रिम तुकडे) टाइप २ चा तो भाग नीट पकडत नाहीत. अशा वेळी घानामधील बर्किट लिम्फोमातून मिळालेल्या एजी८७६ या टाइप २ वाणाशीही रीड्स जुळवून पाहाव्यात.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक तुलनेच्या गटाची आहे. विषाणूच्या एलएमपी-१ जनुकातील ३० बेस-जोड्यांच्या लोपाचे, म्हणजे गळालेल्या तुकड्याचे, उदाहरण घ्या. तो गाठींमध्ये वारंवार आढळल्याने एकेकाळी कर्करोगाची खूण मानला गेला, परंतु चीनसारख्या प्रदेशांत निरोगी वाहकांमध्येही तो सर्रास सापडतो. भारतातील मुलांच्या हॉजकिन लिम्फोमात ईबीव्हीचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच अधिक असल्याने येथील नमुन्यांचा अभ्यास मोलाचा आहे. मात्र मुंबईतील गाठींची तुलना युरोपातील निरोगी लोकांच्या विषाणूशी केली, तर हाती येईल तो केवळ भूगोल. नियंत्रण गट त्याच प्रदेशातील, ईबीव्ही बाळगणाऱ्या पण लिम्फोमा नसलेल्या व्यक्तींचाच हवा.

विषाणू नेमका कोणत्या पेशीतील, हेही तपासावे लागते. हॉजकिन लिम्फोमात रीड-स्टर्नबर्ग पेशी, म्हणजे प्रत्यक्ष कर्करोगाच्या पेशी, अनेकदा गाठीच्या एखाद-दोन टक्केच असतात, त्यामुळे ईबीईआर इन-सिटू चाचणीने (ऊतीच्या कापात विषाणूचा आरएनए कोणत्या पेशीत आहे ते दाखवणारी चाचणी) गाठीच्या पेशींतच विषाणू आहे याची खात्री करूनच पुढे जावे. अनेक नमुन्यांतील विषाणू एकमेकांशी आणि बी९५-८ शी तंतोतंत जुळत असतील, तर आनंदी होण्याऐवजी प्रयोगशाळेतील मिसळ शोधावी, कारण लिम्फोब्लास्टॉइड पेशीरेषा (प्रयोगशाळेत सतत वाढणाऱ्या बी-पेशी) बनवण्यासाठी हाच वाण सर्वत्र वापरला जातो.

सुमारे ३,००० बेसचा जो तुकडा जीनोममध्ये एकापाठोपाठ अनेकदा येतो, तेथील भेद १५० बेसच्या रीड्सवरून नोंदवूच नयेत. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतींत सी या बेसच्या जागी टी दिसणारे बदल संशयास्पद समजावेत, कारण ते फॉर्मॅलिनमुळेही होतात.

लोप मात्र घाईने फेटाळू नयेत. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी एनके/टी-पेशी लिम्फोमासह काही ईबीव्हीयुक्त गाठींत बार्ट मायक्रोआरएनएच्या (विषाणूच्या लहान नियामक आरएनएच्या) भागातील लोप वारंवार दाखवले. त्यांतील बराच भाग बी९५-८ मध्ये मुळातच नसलेल्या तुकड्यात येतो, म्हणजे चुकीच्या संदर्भामुळे नेमका हाच बदल नजरेआड होतो. लोपाच्या दोन्ही टोकांना जोडणाऱ्या रीड्स मिळाल्या, तो जोड पीसीआरने वाढवून सँगर या क्रम वाचण्याच्या पद्धतीने पडताळला, आणि त्याच रुग्णाच्या लाळेतील विषाणूत तो नसल्याचे दिसले, तरच तो गाठीत घडलेला बदल म्हणून नोंदवावा.