पद्मिनीचे इंजिन बांधल्यानंतर मेन जेट कसा निवडावा

रिबोअर करून, म्हणजे सिलिंडर कोरून रुंद करून, नवे पिस्टन आणि रिंगा घालून इंजिन बांधले की पुष्कळांना वाटते, इंजिन आता मोठे झाले, तेव्हा मेन जेटही (कार्बोरेटरमधला, मोजके पेट्रोल सोडणारा छिद्राचा तुकडा) एक नंबर वरचा घालावा. प्रीमियर पद्मिनीच्या बाबतीत हा समज आकड्यांवर तपासून पाहावा. तिच्या १०८९ सीसी इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी आहे. बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवला तर क्षमता साधारण ११०५ सीसी होते, म्हणजे वाढ जेमतेम दीड टक्का. पूर्ण एक मिलिमीटर वाढवला तरी ती तीन टक्क्यांच्या आत राहते. शिवाय कार्बोरेटर पेट्रोल मोजतो ते व्हेंच्युरीतून, म्हणजे त्याच्या अरुंद गळ्यातून, जाणाऱ्या हवेच्या ओढीवर, त्यामुळे हवा वाढली की ओढ वाढते आणि त्याच जेटमधून पेट्रोलही जास्त येते. कॅम, हेड किंवा व्हेंच्युरी बदलली असेल तर हिशेब नव्याने मांडावा लागतो, पण केवळ रिबोअर झाला म्हणून जेट बदलण्याचे कारण नाही.

पद्मिनीच्या सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवर कोरलेला आकडा हा छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेला. १२० म्हणजे १.२० मिमी. पेट्रोलचा प्रवाह मात्र व्यासावर नव्हे तर छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतो, आणि म्हणून १२० वरून १२५ वर गेलो की पेट्रोल चार नव्हे, सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते. हे लक्षात ठेवले म्हणजे एकदम दहा नंबरची उडी मारण्याचा मोह होत नाही.

आता हातातला जेट खरोखर त्या आकड्याचा आहे का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे, आणि याच कामात सर्वाधिक घाई होते. या गाड्यांचे कार्बोरेटर पन्नास वर्षांत अनेक हातांतून गेलेले असतात. जुन्या बाजारात मिळणारे तर कित्येकदा टॅक्सीवरून उतरलेले, आणि त्यांतल्या बऱ्याच टॅक्सी अखेरची वर्षे सीएनजीवर धावल्यामुळे पेट्रोलचे मार्ग वाळून चिकटलेले असतात. माझ्या गाडीचा जेट मी काढून, थिनरने धुऊन खिडकीच्या उजेडापुढे धरला, तेव्हा १२० हा आकडा स्वच्छ दिसत होता, पण छिद्राच्या कडेला तारेने ओढलेला एक बारीक चमकता ओरखडा होता. १.२५ मिमीच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा त्यातून सहज आरपार गेला. कोणीतरी कधीतरी पिकअपसाठी जेट उघडला होता, आणि मी मात्र कागदावर १२० धरून चाललो होतो. ड्रिलचा दांडा केवळ मोजण्यासाठी वापरावा; त्याच्या धारेने जेट कधीही कोरू नये, आणि साफ करताना तार न घालता कॉम्प्रेसरची हवा मारावी. उघडलेला जेट परत बसवण्यापेक्षा मूळ नंबरचा नवा घ्यावा.

त्या मूळ नंबरवरच सुरुवात करावी, पण त्याआधी बाकीच्या गोष्टी जागेवर आणाव्यात, कारण दुसऱ्या कुणाचा दोष जेटवर ढकलला की पुढचे सगळे निदान चुकते. टॅपेट, पॉइंटचा गॅप आणि टायमिंग बघून घ्यावे. थ्रॉटलचा स्पिंडल (हवेची झडप फिरवणारा दांडा) बोटांनी वरखाली हलवून पाहावा. तो खुळखुळत असेल तर तिथून फुकटची हवा आत जाते, स्लो (रेस न दाबता इंजिनाची चाल) स्थिर राहत नाही आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, ज्यावर उपाय बुश घालणे हा आहे, मोठा जेट नव्हे. चोक सोडल्यावर त्याची तबकडी पूर्ण बसत नसेल तर उलट घडते आणि इंजिनाला सतत जादा पेट्रोल मिळते. नीडल व्हॉल्व्हखालच्या वॉशरच्या जाडीवर फ्लोट चेंबरमधली (कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतली) पेट्रोलची पातळी ठरते, म्हणून तो वॉशर हाताला येईल तो घालू नये.

मूळ नंबरपासून हलण्याचे आजचे खरे कारण पेट्रोल आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला नऊच भाग पुरते. पंपावर आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणासाठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते, म्हणजे जुन्या जेटवर गाडी सुमारे आठ टक्क्यांनी पातळ चालते. वरच्या हिशेबाने ही तूट १२० च्या जागी १२५ घातला की जवळपास भरून निघते. तरीही तो आधीच घालू नये. कारखान्याचे मिश्रण किंचित जाड, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, असेल तर १२२.५ सुद्धा पुरेल, आणि ते प्लग सांगतो. याच वेळी पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायाफ्राम बदलून टाकावेत, कारण इथेनॉल त्यांना फुगवते.

प्लग पाहण्याची घाई मात्र करू नये. रिंगा बसेपर्यंत, म्हणजे पहिले काही शे किलोमीटर, थोडे ऑइल वर येते आणि प्लग काळा, ओलसर दिसतो; त्याला जाड मिश्रण समजून जेट लहान केला तर नवे पिस्टन धोक्यात येतात. रनिंग-इन झाल्यावर नवे प्लग लावावेत, मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस पूर्ण दाबून गाडी काही वेळ ओढू द्यावी, मग क्लच दाबून इग्निशन बंद करावे, किल्ली न काढता गाडी कडेला घ्यावी आणि तिथेच प्लग उघडावेत. हल्लीच्या पेट्रोलने पोर्सलीनवर (प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर) पूर्वीसारखा विटकरी रंग येत नाही, म्हणून आत खोल, पोर्सलीनच्या मुळाशी उमटणारे वर्तुळ पाहावे. ते फिकट तपकिरी असेल तर ठीक. सगळे पांढरेफटक असेल आणि चढावर टकटक आवाज येत असेल तर अडीच नंबर वर जावे, कोरडी काजळी असेल तर अडीच खाली. सायलेन्सरच्या पाइपात लॅम्डा मीटर (हवा-पेट्रोलचे प्रमाण दाखवणारा; १ म्हणजे नेमके प्रमाण, त्याखाली जाड) बसवता आला तर फारच उत्तम: पूर्ण रेसवर ०.८६ ते ०.९० आणि सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने १ च्या जवळ आकडा असावा. एका वेळी एकच जेट बदलावा.

मधल्या वेगात गाडी छान आणि वरच्या वेगात गुदमरत असेल, तर मेन जेटला हात न लावता एअर जेट (मेन जेटच्या पेट्रोलात हवा मिसळणारा) पाहावा. तो मोठा केला की वरच्या टोकाला मिश्रण पातळ होते, लहान केला की जाड. मेन जेटच्या पाच अंकांचा परिणाम साधायला एअर जेटचे ढोबळमानाने पंधरा-वीस अंक बदलावे लागतात.

गाडी कुठे चालते याचाही विचार व्हावा. उंचीवर हवा विरळ होते आणि दर हजार मीटरला मिश्रण साधारण पाच टक्क्यांनी जाड होते. मुंबईत बेतलेली गाडी महाबळेश्वरला, सुमारे साडेतेराशे मीटरवर, थोडी जड वाटेल. दोन दिवसांच्या सहलीसाठी जेट बदलू नये, पण गाडी कायम घाटमाथ्यावर राहणार असेल तर अडीच नंबर खाली उतरून पाहायला हरकत नाही.

शेवटी पायलट जेट, म्हणजे स्लोचे पेट्रोल सोडणारा छोटा जेट. गरम इंजिनावर मिश्रणाचा स्क्रू हलके पूर्ण आत घेऊन हळूहळू उघडावा. स्लो सर्वांत गुळगुळीत लागतो ती जागा दीड-दोन फेऱ्यांवर आली तर जेट योग्य आहे. तीन फेऱ्यांनंतरही इंजिन आणखी मागत असेल तर पायलट लहान आहे, आणि अर्ध्या फेरीतच भागत असेल तर मोठा. गर्दीत पहिल्या गिअरमधून रेस अलगद दाबताना येणारा झटका बहुधा इथलाच असतो.