टिल्ट टेस्टला जाताना

टिल्ट टेस्ट म्हणजे भोवळ का येते ते शोधायला तुम्हाला टेबलाला बांधून ते टेबल उभं करतात. आधी पिशवीत कागद भरा: जुने ईसीजी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), होल्टर (दिवसभर अंगावर लावलेल्या ईसीजीची नोंद) आणि चालू गोळ्यांची यादी. एको विसरू नका. हृदयाची झडप फार अरुंद असेल तर ही टेस्ट करायची की नाही, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात. बीपीची गोळी त्या दिवशी घ्यायची का, हे विचारून घ्या. मनाने बंद करू नका. व्हायग्राच्या जातीची गोळी घेत असाल तर लाज गुंडाळून सांगाच. टेबल साठ-सत्तर अंशांवर उभं करूनही भोवळ आली नाही, तर जिभेखाली नायट्रेटची गोळी किंवा स्प्रे देतात, आणि या दोन औषधांनी मिळून बीपी धाडकन कोसळतं.

पोट दोन ते चार तास रिकामं हवं. मधुमेह असेल तर वेळ आधीच ठरवून घ्या. छातीला तेल-क्रीम नको, ईसीजीच्या पट्ट्या चिकटत नाहीत. पुढून बटणांचा शर्ट घाला. लघवीला जाऊन या, नंतर पाऊण तास पट्ट्यांनी बांधलेले असता.

संमतीपत्रावर सही करण्याआधी ‘हृदय काही सेकंद थांबू शकते’ ही ओळ वाचा आणि शॉकचं मशीन खोलीत आहे ना, ते डोळ्यांनी बघा. माझं हृदय थांबलं होतं. नंतर टेक्निशियनने कागदी पट्टी दाखवली: पाच मोठे चौकोन म्हणजे एक सेकंद, आणि माझी रेघ चाळीस चौकोन सपाट. टेबल आडवं केल्याबरोबर ठोके आपोआप सुरू झाले. बहुतेकदा असंच होतं, आणि एवढ्यावरून पेसमेकर बसवतातच असं नाही. जिवावर बेतणारा ताल बिघडणं फारच विरळा. तशा नोंदींत आयसोप्रेनालिन हे ठोके वाढवणारं औषध आणि आधीच आजारी हृदय, अशी जोडी दिसते. म्हणून ते औषध देणार आहेत का, हेही विचारा. कधी ठोके अनियमित होतात, पण ते सहसा आपसूक जाग्यावर येतात.

तुम्हाला पडताना ज्याने पाहिलंय त्यालाच सोबत न्या. ‘घरी अगदी असाच पांढराफटक पडतो,’ हे बायकोचं वाक्य डॉक्टरांनी लिहून घेतलं.

स्कूटर नेऊ नका. मी लिफ्ट सोडून ऐटीत जिना उतरायला लागलो आणि तिसऱ्याच पायरीवर बसकण मारली.